संमतीने घटस्फोट : मुलांचा खर्च आणि मुलांचा वेळ कन्सेंट टर्म्समध्ये कसा लिहावा?

शंतनू_पौड (धागाकर्ता)

नात्यातल्या एका जोडप्याचा संमतीने घटस्फोट होतोय. पुण्यातच, दोघंही नोकरदार. हातात येणारा पगार त्याचा ९० हजार, तिचा ६० हजार. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. मुलं आईकडे कोथरूडला राहणार, शाळाही तिथेच. वडील वाकडला. आपसातलं बोलणं अजून शाबूत आहे. त्यांच्या परवानगीनेच लिहितोय.

कन्सेंट टर्म्सच्या (दोघांनी मान्य करून न्यायालयात द्यायच्या लेखी अटींच्या) मसुद्यात मुलांबद्दल एकूण दोन वाक्यं आहेत. वडील दरमहा २० हजार देतील, आणि त्यांना मुलांना भेटण्याचा वाजवी हक्क राहील. मला हे फार तोकडं वाटतं. ठरावीक मासिक रक्कम बरी की प्रत्यक्ष खर्चाची प्रमाणात वाटणी? आणि भेटींचं किती बारीक लिहावं? कामानिमित्त ज्यांचा या गोष्टींशी रोजचा संबंध येतो त्यांनी कृपया सविस्तर लिहा. चूक कोणाची, लग्न टिकवायला हवं होतं का, ही चर्चा इथे नको.

मुक्ता_अ

दोन वाक्यांत उरकू नका. पुढची दहा-बारा वर्षं या कागदावर काढायची आहेत.

आधी क्रम सांगते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली अर्ज करायला किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज दाखल झाला की कौटुंबिक न्यायालयातल्या विवाह समुपदेशकांशी भेट होते, आणि सहा महिन्यांनी दुसरी तारीख. हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, तसं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अमरदीप सिंग प्रकरणात सांगितलं आहे. पण त्यासाठी पोटगी, ताबा वगैरे सगळं खरोखर मिटलेलं दिसावं लागतं. अर्धवट टर्म्स असतील तर माफीचा अर्ज तिथेच अडतो.

दुसरं, मुलांची पोटगी हा मुलांचा हक्क आहे. आईने रागाच्या भरात "मला तुझा एक पैसा नको" असं लिहून दिलं तर ते फार तर तिच्यापुरतं चालेल, मुलांच्या वतीने हक्क सोडता येत नाही. ताब्याच्या अटीही कायमच्या नसतात. परिस्थिती बदलली की मुलाचं हित बघून न्यायालय त्या बदलू शकतं, हे १९७३ च्या रोझी जेकब निकालापासून चालत आलेलं आहे. त्यामुळे आता लिहिलं म्हणजे हात बांधले, अशी भीती दोघांनीही ठेवू नये.

चिंतामणी_सीए

रकमेबद्दल. २० हजार कुठून आले? बहुतेक ठिकाणी हा आकडा घासाघीस करून आलेला असतो. सुरुवात मुलांच्या बिलांपासून करा. मागच्या बारा महिन्यांची बँक स्टेटमेंट्स घेऊन बसलं की एका संध्याकाळचं काम आहे. दोन मुलांसाठी नमुन्याचा तक्ता असा होईल (वार्षिक):

शाळेची फी १,८०,०००
बस ४८,०००
पुस्तकं, गणवेश, सहली २८,०००
क्लास आणि छंद ५४,०००
मेडिक्लेम, डॉक्टर, दात, चष्मा २६,०००

एकूण ३,३६,०००, म्हणजे महिन्याला २८ हजार. शिवाय रोजचं खाणंपिणं, कपडे, केस कापणं, मित्रांच्या वाढदिवसाच्या भेटवस्तू यांचे दोघांचे मिळून १४ हजार धरा. झाले ४२ हजार. पगाराचं प्रमाण ६०:४०, म्हणून वडिलांचा वाटा २५,२०० आणि आईचा १६,८००. मसुद्यातल्या २० हजारांत महिन्याला ५,२०० कमी पडतायत, आणि ते आपोआप आईच्या अंगावर येणार.

उत्पन्न दोघांनी कागदावर दाखवावं. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मालमत्ता आणि देण्यांच्या प्रतिज्ञापत्राचा नमुनाच दिला आहे. तो वादातल्या पोटगीसाठी असला तरी संमतीच्या प्रकरणातही तोच भरून एकमेकांना दिला की बोनस किती, शेअर्स किती ही शंका राहत नाही.

नीरजा_टिळकरोड

तक्ता चांगला आहे, पण घर कुठे आहे त्यात? मुलं आईकडे राहणार म्हणजे तिला एका खोलीत भागवता येणार नाही. त्याच भागातल्या वन बीएचके आणि टू बीएचकेच्या भाड्यातला फरक हा मुलांचा खर्च आहे. समजा तो ८ हजार. मग एकूण ५० हजार होतात आणि वाटणी ३०:२०.

धनंजय_क

नीरजाताई, मग वडिलांच्या घरातल्या खोलीचं काय? मुलं शनिवार-रविवार आणि अर्धी सुट्टी त्यांच्याकडे राहणार. त्यांनीही एक खोली, दोन पलंग, अभ्यासाचं टेबल ठेवायलाच हवं. ते कोणी मोजत नाही, आणि मग "बाबांकडे झोपायला जागा नाही" म्हणून मुक्काम नाकारला जातो.

नीरजा_टिळकरोड

मान्य, दोन्ही मोजा. पण महिन्यातले २३-२४ दिवस डबा, आजारपण, अभ्यास, रात्रीचा खोकला हे एकाच घरात होतं. ६०:४० मध्ये आईच्या वेळेची किंमत शून्य धरली आहे, एवढं लक्षात असू द्या. मुलाच्या आजारपणात रजा तीच टाकणार आणि बढतीही तिचीच लांबणार.

चिंतामणी_सीए

दोघांचंही बरोबर. व्यवहारात असं करतात की वडिलांच्या घरातला खर्च वडील करतात, आईच्या घरातल्या जास्तीच्या खोलीचा खर्च तक्त्यात येतो, कारण मुलांचा कायमचा पत्ता तिथला. ५० हजारांचा आकडा धरून पुढे जाऊ.

आता धागाकर्त्यांचा मूळ प्रश्न: ठरावीक की प्रत्यक्ष? माझं मत, दोन कप्पे करा. रोजचा खर्च आणि घर (१४ + ८ = २२ हजार) ठरावीक ठेवा. त्याच्या ६० टक्के म्हणजे १३,२०० रुपये दरमहा ५ तारखेला वडिलांच्या पगार खात्यातून स्थायी सूचनेने आईच्या खात्यात जावेत. यात हिशोब मागायचा नाही. दुधाच्या पिशवीचं बिल कोणी कोणाला दाखवू नये.

मोठे, पावती असलेले खर्च (महिना सरासरी २८ हजार) प्रमाणात. त्यासाठी वेगळं बचत खातं, ज्यात वडील १६,८०० आणि आई ११,२०० दर महिन्याला टाकतात. जूनमध्ये फीचा पहिला हप्ता, गणवेश आणि बसचे पैसे एकदम येतात, तेव्हा खात्यात आधीच साठलेलं असतं. नाहीतर नेमका मे महिन्यात वाद पेटतो.

सुहास_विमा

संयुक्त खातं काढू नका असा सल्ला देईन. "कोणीही एक" पद्धतीच्या खात्यातून एकाने सगळे पैसे काढले तर बँक काही करत नाही. खातं आईच्या एकटीच्या नावावर ठेवा, फक्त मुलांच्या खर्चासाठी, आणि दर महिन्याचं स्टेटमेंट दोघांच्या ईमेलवर जाऊ द्या.

मुक्ता_अ

या खात्यातून काय चालेल आणि काय नाही तेही लिहा. चालणारा नमुना: पाच हजारांपर्यंतचा शैक्षणिक वा वैद्यकीय खर्च न विचारता. त्यावरचा असेल तर आधी ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर कळवायचं. सात दिवसांत उत्तर नाही आलं तर संमती धरली जाईल. तातडीच्या वैद्यकीय खर्चाला मर्यादा नाही. एकाने खिशातून खर्च केला तर १५ दिवसांत पावती पाठवायची आणि दुसऱ्याने पुढच्या १० दिवसांत आपला वाटा द्यायचा.

"उत्तर नाही म्हणजे संमती" ही ओळ सगळ्यात उपयोगी. पैशांचे वाद नकारापेक्षा मौनामुळे जास्त होतात.

रेवा_गोरेगाव

वाढीचं कलम विसरू नका! आजचे ३० हजार पाच वर्षांनी पुरणार नाहीत. दर जूनला ८ टक्के आपोआप वाढ, आणि दर दोन वर्षांनी दोघांच्या पगाराच्या स्लिपा समोर ठेवून प्रमाण पुन्हा ठरवायचं. आपोआप वाढ नसेल तर दर वेळी मागणारा कमीपणा घेतो.

कोकणकडा

८ टक्के जरा जास्त नाही का? सगळ्यांचे पगार तेवढे वाढत नाहीत.

रेवा_गोरेगाव

म्हणून तर दोन वर्षांनी फेरविचार. नोकरी गेली तर काय, तेही लिहा: तीन महिने अर्धी रक्कम, उरलेली नंतर हप्त्यांनी. नोकरी गेल्याचं पत्र जोडायचं. माणूस अडचणीत आला तर पळून जाण्याऐवजी ईमेल करेल अशी वाट ठेवावी.

अदिती_समुपदेशक

पैशांवर बरंच आलं, मी वेळेकडे वळते. एक गोष्ट सगळ्यात आधी टर्म्समध्ये स्वतंत्र परिच्छेद म्हणून यावी: पैसे थकले म्हणून भेट थांबणार नाही, आणि भेट हुकली म्हणून पैसे थांबणार नाहीत. दोन्हींसाठी न्यायालयात वेगळे मार्ग आहेत. मुलाला भेटीचं तिकीट काढून बाबांकडे जावं लागतंय असं कधी वाटता कामा नये.

आता तपशील. सहा आणि अकरा वर्षांच्या मुलांना रात्रीचा मुक्काम झेपतो. (तीन वर्षांखालच्या बाळाला लांब मुक्कामापेक्षा आठवड्यातून तीनदा दोन-दोन तासांची भेट बरी. तिथे वेळापत्रक वेगळं करावं लागतं.) या मुलांसाठी पहिला, तिसरा आणि पाचवा शनिवार-रविवार वडिलांकडे, शिवाय दर बुधवारी संध्याकाळी ६ ते ८.३० जेवणासह. पाचवा शनिवार लिहायचा राहतो आणि वर्षातून चार-पाच वेळा त्यावरूनच ताणाताणी होते. महिन्याचा पहिला रविवार १ तारखेला आला तर तो कुठल्या शनिवाराबरोबर मोजायचा? "महिन्यातला पहिला शनिवार आणि त्याला लागून येणारा रविवार" असं लिहा, प्रश्न मिटतो.

मुलं घ्यायची आणि सोडायची शाळेतून. शुक्रवारी शाळा सुटल्यावर वडिलांनी घ्यायचं, सोमवारी सकाळी शाळेत सोडायचं. आईवडील एकमेकांसमोर येत नाहीत, सोसायटीच्या गेटवर बॅगा हातात घेऊन मुलं उभी राहत नाहीत. वाकडहून कोथरूड म्हणजे सोमवारी सकाळी चांदणी चौकाची वाहतूक, तेव्हा वडिलांनी निघायची वेळ त्या हिशोबाने धरावी. सोमवारी उशिरा पोचणारं मूल वर्गाच्या दारात सगळ्यांसमोर उभं राहतं.

तिसरी_घंटा

शाळेत शिकवते, म्हणून दोन ओळी. ताब्याच्या आदेशाची सगळी प्रत शाळेत देऊ नका. मुलांना कोण कधी नेणार आणि शाळेच्या कागदांवर कोणाची सही चालेल एवढंच पान द्या, बाकी खासगी बाबी कार्यालयात फिरायला नकोत. शाळेच्या ॲपवर आणि वर्गशिक्षकांच्या यादीत दोघांचे मोबाइल नंबर स्वतंत्र नोंदवा. प्रगतिपुस्तक, पालकसभा, सहलीचं संमतिपत्र दोघांना थेट कळलं पाहिजे. "तुझ्या आईने सांगितलं नाही" हे वाक्य मुलाला ऐकावं लागू नये.

आणि शाळा सोडल्याचा दाखला दोघांच्या सहीशिवाय काढायचा नाही, हे टर्म्समध्येही हवं आणि शाळेला पत्रानेही कळवलेलं हवं.

धनंजय_क

गणवेशाचे आणि पुस्तकांचे दोन संच! बालभारतीची पुस्तकं स्वस्त असतात, दुसरा संच जूनमध्येच घेऊन टाका. गणिताची वही मात्र कायम दुसऱ्याच घरी असते, त्यावर अजून कोणत्याही न्यायालयाला तोडगा सापडलेला नाही :)

तिसरी_घंटा

आहे ना तोडगा. रविवारी रात्री आठ वाजता दोन्ही घरांतून दप्तराचा एक फोटो. खरंच चालतो.

अदिती_समुपदेशक

सणांबद्दल राहिलं. तारखा लिहू नका. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती १४ सप्टेंबरला. तिथी लिहा आणि शाळेचं सुट्टीचं पत्रक आधार धरा.

नमुना: वडिलांच्या घरी दीड दिवसाचा गणपती असेल तर तो दरवर्षी तिकडे, कारण घरात गणपती एकाच ठिकाणी बसतो. त्याऐवजी आईकडच्या गौरी दरवर्षी आईकडे. दिवाळीची सुट्टी मधून दुभागून, विषम वर्षी वसुबारस ते लक्ष्मीपूजन आईकडे आणि पाडवा-भाऊबीज वडिलांकडे, सम वर्षी उलट. भाऊबीज सख्ख्या भावंडांची कुठेही होते, पण आतेभाऊ-मामेभावांचीही असते, म्हणून दोन्हीकडच्या कुटुंबांना आळीपाळीने मिळावी. उन्हाळी सुट्टी दोन सलग भागांत. पहिला भाग कोणाचा हे सम-विषम वर्षावरून, आणि मधली तारीख शाळेचं पत्रक आल्यावर ३१ मार्चपूर्वी लेखी ठरवायची, म्हणजे रेल्वेचं आरक्षण वेळेत होतं.

मुलांचा वाढदिवस ज्याच्या दिवशी येतो त्याच्याकडे, दुसऱ्याला त्या दिवशी दोन तास.

फोन रोज संध्याकाळी ७.३० ते ८ दरम्यान, व्हिडिओवर. स्पीकर लावून बाजूला बसायचं नाही. प्रत्यक्ष भेटीबरोबर हा संपर्कही महत्त्वाचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने यशिता साहू (२०२०) प्रकरणात सांगितलं आहे.

कोकणकडा

मग एक आठवडा आईकडे, एक आठवडा बाबांकडे असं का नाही? समान पालकत्व म्हणतात ते हेच ना? विधी आयोगानेही २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली होती.

अदिती_समुपदेशक

तत्त्व म्हणून मी त्याच्या बाजूने आहे. पण त्याला तीन गोष्टी लागतात: दोन्ही घरं शाळेपासून अर्ध्या तासाच्या आत, दोन्हीकडे पुरेशी खोली, आणि आईवडिलांत रोजचा शांत संवाद. कोथरूड-वाकडला पहिलीच अडचण. सहा वर्षांचा मुलगा आठवड्यातले पाच दिवस दीड तास बसमध्ये काढेल. निर्णयांची भागीदारी मात्र पूर्ण समान ठेवता येते. शाळा बदलणं, शस्त्रक्रिया, परदेश प्रवास, धार्मिक विधी, दहावीनंतरची शाखा यासाठी दोघांची लेखी संमती. वेळ ७०:३० असला तरी निर्णय ५०:५०.

आणि अकरा वर्षांची मुलगी दोन-तीन वर्षांत स्वतः बोलेल. शनिवारी मैत्रिणीकडे जायचंय म्हणेल. दर दोन वर्षांनी पैशांबरोबर वेळापत्रकाचाही फेरविचार ठेवा आणि त्यात तिचं म्हणणं विचारा. "तुला कोणाकडे राहायचंय" हा प्रश्न तिला कधीच विचारायचा नाही. "बुधवारऐवजी गुरुवार चालेल का" एवढ्यापुरतंच.

कोकणकडा

पटलं. अंतर लक्षातच घेतलं नव्हतं.

सुहास_विमा

विम्याचं कोणी काढलं नाही. ३० हजार देणारा माणूस उद्या गेला तर?

वडिलांनी शुद्ध टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्यावा. मोठ्या रकमेचा, मुलगा किमान २१ वर्षांचा होईपर्यंत. साधा अंदाज: ३० हजार गुणिले १२ म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार, गुणिले १५ वर्षं म्हणजे ५४ लाख, त्यावर महागाई आणि उच्च शिक्षण. एक कोटीच्या खाली जाऊ नये. पॉलिसी विवाहित महिला संपत्ती कायदा १८७४ च्या कलम ६ खाली, लाभार्थी म्हणून फक्त मुलांची नावं घालून घ्या. मग ती रक्कम मुलांसाठीची विश्वस्त मालमत्ता होते. वडिलांचे कर्जदाते तिला हात लावू शकत नाहीत, आणि पुढे दुसरं लग्न झालं तरी लाभार्थी बदलत नाहीत. हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं, जुन्या पॉलिसीवर नंतर करता येत नाही. हप्ता भरल्याची पावती दरवर्षी आईला ईमेल करायची, तसं टर्म्समध्ये लिहा. आई ४० टक्के वाटा उचलते, म्हणजे तिच्यावरही विमा हवाच.

मेडिक्लेम: कंपनीच्या गट विम्यातून घटस्फोटित जोडीदाराचं नाव निघतं, मुलांचं राहू शकतं. आईने आदेश येण्याआधीच स्वतःची वेगळी पॉलिसी घ्यावी, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो आणि तो घटस्फोटाची वाट बघत थांबत नाही. मुलं कोणाच्या पॉलिसीत आहेत त्या कार्डाचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये असावा. रात्री दोन वाजता रुग्णालयाच्या काउंटरवर तोच लागतो.

चिंतामणी_सीए

नामनिर्देशन बदलायला विसरू नका: भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ, बँक, म्युच्युअल फंड, डीमॅट. मूल अज्ञान (१८ वर्षांखालचं) असेल तर त्याच्या वतीने पैसे कोण घेणार ते नावही भरावं लागतं.

कराचे चार मुद्दे. एक, जुन्या कररचनेत शिक्षण शुल्काची वजावट ज्याने फी भरली त्याला मिळते, दीड लाखाच्या एकूण मर्यादेत. फक्त ट्यूशन फी, बस आणि देणगी नाही. नवीन कररचनेत ती नाहीच. वडील जुन्या रचनेत असतील तर त्यांच्या वाट्याची फी त्यांनी थेट शाळेच्या खात्यात भरावी. दोन, मुलांच्या नावावरच्या ठेवींचं व्याज एरवी ज्या पालकाचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवलं जातं, पण घटस्फोटानंतर त्या वर्षी जो मुलाचा सांभाळ करतो त्याच्या उत्पन्नात. म्हणजे इथे आईच्या. तीन, पत्नीला एकरकमी पोटगी साधारणपणे करपात्र धरत नाहीत, तिच्या स्वतःसाठीची दरमहा पोटगी धरतात. म्हणून मुलांची रक्कम आणि पत्नीची रक्कम वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहा. चार, मुलीच्या नावावर सुकन्या खातं असेल तर त्याचा पालक कोण आणि वर्षाला कोण किती भरणार ते लिहा. दोघांनी मिळून वर्षाला दीड लाखाच्या वर भरलं तर वरच्या रकमेवर व्याज नाही. खातं नसेल तर आता उघडता येणार नाही, ते दहा वर्षांच्या आतच उघडावं लागतं.

मुक्ता_अ

फ्लॅट आहे का दोघांच्या नावावर?

शंतनू_पौड

आहे. कोथरूडचाच. गृहकर्ज दोघांच्या नावावर, अजून १८ लाख बाकी. फ्लॅट तिच्या नावावर करायचं तत्त्वतः ठरलंय.

मुक्ता_अ

मग हे नीट वाचा. कन्सेंट टर्म्स बँकेला बांधील नसतात. "यापुढे हप्ते पत्नी भरेल" असं लिहिलं तरी बँकेच्या दृष्टीने दोघंही कर्जदार. तिचा एक हप्ता चुकला तरी त्याचा सिबिल स्कोअर खाली येतो आणि वाकडच्या घरासाठी त्याला कर्ज मिळत नाही. बँकेकडून त्याचं नाव कमी करून घ्यायचं, किंवा तिने एकटीच्या नावावर दुसऱ्या बँकेत कर्ज हलवायचं. ६० हजार पगारावर ती एकटी त्या कर्जाला पात्र आहे का, हे आधी तपासा. नसेल तर सगळा मसुदा कोलमडतो.

मालकी हस्तांतर: महाराष्ट्रात पती-पत्नीमध्ये राहत्या घराचं बक्षीसपत्र २०० रुपये मुद्रांक शुल्कात होतं. महापालिका हद्दीत वर अधिभार किती लागतो ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. पण ही सवलत पती-पत्नी असेपर्यंतच, घटस्फोटाचा आदेश झाल्यावर ते नातं राहत नाही. हक्कसोडपत्राची २०० रुपयांची सवलत वडिलोपार्जित मालमत्तेपुरती आहे, विकत घेतलेल्या फ्लॅटला नाही. कर्ज चालू आहे तोवर बँकेचं ना-हरकत पत्र लागेल. म्हणून क्रम असा: बँकेची लेखी मंजुरी, अर्ज दाखल, दुसऱ्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात बक्षीसपत्राची नोंदणी, मग दुसरी तारीख. सोसायटीत भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) नाव बदलायचा अर्ज लगेच.

धनंजय_क

आणि फ्लॅट दिल्यावर दुसऱ्या तारखेला पत्नी आलीच नाही तर? आदेश होईपर्यंत संमती मागे घेता येते ना?

मुक्ता_अ

येते. धोका खरा आहे. म्हणूनच मी नोंदणी आणि दुसरी तारीख यांत कमीत कमी दिवस ठेवायला सांगते. फ्लॅट सोडण्याच्या बदल्यात काही रक्कम यायची असेल तर तिचा डिमांड ड्राफ्ट दुसऱ्या तारखेला न्यायालयातच द्यावा-घ्यावा.

मांडवी_तीर

गोव्यातून वाचणाऱ्यांसाठी: इथे लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक धरली जाते, अर्धी-अर्धी. त्यामुळे वरचं फ्लॅटचं गणित गोव्यातल्या नागरी कायद्याखालच्या लग्नांना जसंच्या तसं लावू नका. मुलांचा तक्ता आणि वेळापत्रक मात्र इथेही तेवढंच उपयोगी.

विनीत_न्यूजर्सी

एक पालक परदेशी जाण्याची शक्यता असेल तर पासपोर्टचं आत्ताच लिहा. अज्ञान मुलाच्या पासपोर्टला दोन्ही पालकांच्या सहीचं 'परिशिष्ट ड' लागतं, आणि पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा १८ वर्षांपर्यंत, जे आधी असेल ते. म्हणजे शाळेच्या वयात दोन-तीनदा सह्या लागणार. "मागणी केल्यापासून सात दिवसांत सही" असं कलम हवं. मूळ पासपोर्ट कोणाकडे, प्रवासाआधी ३० दिवस तिकिटं आणि पत्ता कळवणं, परतीचं तिकीट दाखवणं हेही. पालकाने मूल परदेशी नेऊन परत न आणण्यासंबंधीच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे परत आणण्याची लढाई लांब चालते. कागद आधी केलेला बरा.

रेवा_गोरेगाव

देशातल्या देशातही शहर बदलण्याची सूचना ६० दिवस आधी, लेखी. बदली पुण्याहून नागपूरला झाली तर बुधवारच्या भेटी संपतात, त्याऐवजी सुट्टीचा मोठा भाग आणि तिकिटाचा खर्च कोणाचा ते ठरवावं.

शंतनू_पौड

सगळ्यांचे मनापासून आभार. दोघांना धागा वाचायला दिला. दोन कप्प्यांची पद्धत, पाचवा शनिवार, शाळेतून ने-आण आणि "उत्तर नाही म्हणजे संमती" हे दोघांनाही लगेच पटलं. बँकेकडे पात्रता तपासायला दिली आहे.

दोन प्रश्न राहिले. पैसे खरंच थकले तर काय करायचं? आणि हे सगळं किती वर्षांपर्यंत लिहायचं?

मुक्ता_अ

थकल्यास: आदेशाचा भाग झालेल्या टर्म्सची अंमलबजावणी त्याच न्यायालयात दरखास्त दाखल करून होते, पगारावर जप्ती आणता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालचा (पूर्वीचं १२५) आदेश असेल तर थकीत रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो, जास्त थांबू नका. पण आधी टर्म्समध्येच पायऱ्या घाला: १० तारखेपर्यंत आले नाहीत तर लेखी आठवण, महिनाभरात नाही तर दोघांनी आत्ताच ठरवलेल्या मध्यस्थाकडे एक बैठक, त्यानंतर न्यायालय.

मुदत: "१८ वर्षांपर्यंत" लिहू नका, ही सगळ्यात महागात पडणारी ओळ. १८ व्या वर्षी मूल बारावीत असतं, मोठा खर्च तिथून सुरू होतो. अविवाहित मुलगी स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल तर १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याखाली तिचा हक्क पुढेही राहतो. मुलाच्या बाबतीत मात्र १८ नंतर मागायला कायद्याचा आधार फार अरुंद आहे. म्हणून दोघांसाठीही "पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत किंवा वयाच्या २३ व्या वर्षापर्यंत, जे आधी होईल ते" असं लिहा, आणि पदवीची फी, वसतिगृह, प्रवेश परीक्षेचे क्लास त्याच ६०:४० मध्ये.

अदिती_समुपदेशक

एक जोड. दोघांपैकी कोणी पुन्हा लग्न केलं तर पत्नीच्या पोटगीचं जे व्हायचं ते होईल, मुलांच्या रकमेवर परिणाम होणार नाही, हे वाक्य आत्ताच घाला. आणि नव्या जोडीदाराची मुलांशी ओळख करून देण्याआधी दुसऱ्या पालकाला कळवायचं, परवानगी मागायची नाही, फक्त कळवायचं.

शंतनू_पौड

घालतो. सुधारित मसुदा पुढच्या आठवड्यात वकिलांकडे जाईल. बँकेचं उत्तर आलं की इथे लिहीन, कर्ज हलवताना कागद काय काय लागले तेही.

सुहास_विमा

तिच्या तीन वर्षांच्या आयकर विवरणपत्रांच्या प्रती आणि सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र आत्ताच काढून ठेवायला सांगा. सोसायटीचं पत्र मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.